सदाशिव पेठेतले पाच दिवस, एक बिजागरी आणि भाचीची शब्दांची लिस्ट

पहिला दिवस, सोमवार

पहाटेची पुण्याची गाडी, हुतात्मा एक्सप्रेस, पकडली. शाळेची दिवाळीची सुट्टी अजून आठवडाभर शिल्लक होती आणि ताई दोन वर्षं ये ये म्हणत होती, तर म्हणलं यावेळी जाऊनच यावं. पिशवीत शेंगाचटणी, कडक भाकऱ्यांची चवड आणि ताईसाठी एक चादर, सोलापूरहून निघालं की एवढं असतंच. पुणे स्टेशनला उतरलो, रिक्षा केली आणि सदाशिव पेठेत ताईच्या दारात पोचलो तर आत जोरात भांडण चाललेलं.

भांडण भाची आणि भाच्याचं. भाची जीआरई देतीये, परदेशात पुढचं शिकायला जाण्यासाठीची प्रवेश परीक्षा, ती दहा दिवसांवर. भाचा कॉलेजात सेकंड इयरला आहे आणि दीड वर्षापासून स्पॅनिशच्या क्लासला जातोय. ती कार्डांवर लिहिलेले अवघड इंग्लिश शब्द मोठ्यानं पाठ करते आणि हा शेजारी बसून हसतो, एवढंच कारण. मी हातपाय धुवून येईपर्यंत ताटं वाढलेली, आणि ताटावरही तेच सुरू.

ती म्हणाली, "एडिफिस. भव्य इमारत."

हा भाकरी मोडता मोडता म्हणाला, "एदिफीसियो. बिल्डिंग. भव्यबिव्य काही नाही गं, आपली ही चार मजली पण एदिफीसियोच. आमच्याकडे पहिल्याच महिन्यात झाला हा शब्द."

"कॉमेस्टिबल. खाण्याजोगा पदार्थ."

"कोमेर म्हणजे खाणं. आणि कोमेस्तीब्लेस तर तिकडे किराणा दुकानाच्या पाटीवर असतं."

"इन्फर्म. दुर्बळ, जर्जर."

"एन्फेर्मो. आजारी. मला बरं नाही, आज क्लासला येत नाही असं सांगायचं असलं तर हाच शब्द लागतो."

भाचीनं कार्डं ताटाशेजारी आपटली. "मामा, मी दोन महिने हे शब्द घोकतीये आणि याच्यासाठी ती वाण्याच्या दुकानाची पाटी आहे."

मी बावीस वर्षं हायस्कूलला इंग्लिश शिकवतोय आणि हे असं समोरासमोर मांडलेलं कधी बघितलं नव्हतं. इंग्लिशमध्ये लॅटिन शब्द आहेत हे मुलांना सांगतो, दरवर्षी सांगतो, पण शब्दाला अवघड म्हणायचं का सोपं हे तो कुठल्या घरात राहतो त्यावर ठरतं हे ताईच्या ताटावर बसून कळलं. जेवण झाल्यावर दुपारभर आम्ही तिघं तेच बोलत बसलो, दाजी ऑफिसातून आले तेव्हासुद्धा कार्डं तशीच पसरलेली.

मी पोरांना सांगितलं ते थोडक्यात असं. स्पॅनिश ही लॅटिनची सख्खी मुलगी. रोमन सैन्य इसवी सन पूर्व २१८ मध्ये स्पेनमध्ये उतरलं आणि मग शिपाई, व्यापारी, शेतकरी जे लॅटिन बोलत गेले तेच पिढ्यानपिढ्या झिजत झिजत स्पॅनिश झालं. म्हणजे ते शब्द चुलीपाशी वाढलेले. इंग्लिशचं मूळ घराणं वेगळं, जर्मन भाषेच्या नात्यातलं, तिच्या चुलीपाशी मून, सन, टूथ, हँड असले छोटे शब्द. मग १०६६ मध्ये फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली, पुढे सोळाव्या शतकात विद्वानांनी थेट लॅटिन पुस्तकांतून शब्दांची पोतीच्या पोती आणली, इतकी की त्या काळात लोकांनी तक्रार केली आणि असल्या शब्दांना दौतीतले शब्द असं नाव पाडलं. म्हणून इंग्लिशमध्ये चंद्र मून आहे पण चांद्र लूनर, दात टूथ आहे पण दाताचा तो डेंटल, सूर्य सन पण सौर सोलर. स्पॅनिशमध्ये चंद्र लूना, दात दिएन्ते, सूर्य सोल, सगळं एकाच घरातलं.

भाची म्हणाली, "म्हणजे आपलं दूध आणि दुग्ध."

अगदी तेच. आपण दूध पितो पण व्यवसाय करतो तो दुग्धव्यवसाय, लिहितो हातानं पण खाली करतो ते हस्ताक्षर. मराठी माणसाला हे वेगळं शिकवायला लागत नाही, दोन मजल्यांच्या घरातच आपण वाढलोय.

दुसरा दिवस, मंगळवार

ताईच्या कपाटाचं दार एका बाजूनं लोंबत होतं, बिजागरी तुटलेली. दाजी म्हणाले बोहरी आळीत जा, तिथं मिळणार नाही असं काही नाही. भाचा माझ्याबरोबर आला आणि भाची पण आली, डोकं फुटायला आलंय म्हणाली, कार्डं मात्र पर्समध्ये घेऊन.

सदाशिव पेठेतनं लक्ष्मी रोडला लागलो, आधी तुळशीबागेत शिरलो कारण ताईला डबे पाहिजे होते. फुटपाथवर दोन्ही बाजूनी बसलेले विक्रेते, कुणाच्या हातात फुगे, कुणाच्या खांद्यावर बेल्ट. भाच्यानं सांगितलं, हातगाडीवाला किंवा असा फिरून विकणारा म्हणजे बेन्देदोर आम्बुलान्ते. स्पॅनिशमध्ये व लिहितात पण म्हणतात ब, हे त्यानं मला दिवसभर दुरुस्त करून करून पक्कं केलं. इंग्लिशमध्ये हाच धातू अँब्युलेटरी, पेरँब्युलेट असल्या अंगरख्यातल्या शब्दांत, आणि अँब्युलन्समध्ये. चालणं हा मूळ अर्थ. रणांगणावर जागा बदलत चालणारं हॉस्पिटल म्हणून अँब्युलन्स.

डबे घेतल्यावर दुकानदारानं ताईसाठी म्हणून एक छोटी चाळणी वरती फुकट टाकली. भाचा लगेच, "ओब्सेकियो." भेट. भाचीनं पर्स उघडलीच, कारण ऑब्सीक्वियस तिच्या कार्डावर होता आणि तिथं अर्थ लाळघोट्या, हांजी हांजी करणारा. दोघांचं मूळ एकच, लॅटिनमध्ये दुसऱ्याच्या मागनं जाणं, त्याच्या कलानं घेणं. स्पॅनिशमध्ये त्याचा आदर झाला आणि आदरातनं भेटवस्तू झाली, इंग्लिशमध्ये तीच गोष्ट वाकत वाकत पार जमिनीला टेकली. मग असे उलटे पडलेले शब्द निघतच गेले. हॉटेलच्या दाराला स्पॅनिशमध्ये नो मोलेस्तार अशी पाटी लावतात, अर्थ फक्त त्रास देऊ नका, आणि इंग्लिशमध्ये मोलेस्ट म्हणजे केवढा भयंकर गुन्हा. आपल्याला यात नवल वाटायला नको खरं तर. मराठीत शिक्षा झाली म्हणजे छड्या बसल्या आणि हिंदीत शिक्षा मिळाली म्हणजे माणूस शिकला, मराठीतला राजीनामा दिला की नोकरी सुटते आणि हिंदीतला राजीनामा केला की भांडण मिटतं.

मंडईवरून जाताना संत्र्यांचे ढीग लागले. नारांखा, भाचा म्हणाला, आणि मी थांबलोच, कारण हा तर आपला नारिंग. संस्कृत नारंग, तिथनं फारसी, मग अरबी, आणि अरब लोक ७११ मध्ये स्पेनमध्ये गेले ते सातआठशे वर्षं तिथं होते, त्यांच्याबरोबर हे फळ आणि नाव दोन्ही. इंग्लिशपर्यंत पोचेपर्यंत पुढचा न गळाला, ऑरेंज उरलं. साखर पण तशीच, शर्करेची अरबीत सुक्कर आणि स्पॅनिशमध्ये आसूकार. आम्ही एक किलो संत्री घेतली.

आणि मग बोहरी आळी. गल्लीत टेम्पो अडकलेला, लोखंडाचा वास, दुकानात छतापर्यंत ड्रॉवर आणि प्रत्येक ड्रॉवरवर एक नमुना ठोकलेला. मी म्हणलं, "कपाटाची बिजागरी पाहिजे, तीन इंची, पितळी असली तर बरं." दुकानदारानं तीन प्रकार काउंटरवर ठेवले. भाचा बिजागरी हातात घेऊन उघडमीट करत होता आणि एकदम म्हणाला, "मामा, काय म्हणालात तुम्ही हिला?"

"बिजागरी."

"स्पॅनिशमध्ये बिसाग्रा म्हणतात."

मला माहीत होतं की आपल्या भाषेत पोर्तुगीजांनी शब्द सोडलेत, पाव, बटाटा, पगार, पाद्री, नाताळ, लिलाव, कोबी, हे सातवीच्या व्याकरणातसुद्धा येतात. पण ते वाचणं वेगळं आणि दीडशे ग्रॅमची पितळी वस्तू हातात घेऊन तिचं नाव माद्रिदच्या हार्डवेअरवाल्याला कळेल हे समजणं वेगळं. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या बहिणी, दोघींकडे बिसाग्राच. इंग्लिशकडे हा शब्द नाहीच, ते आपले हिंज म्हणतात. म्हणजे माझी सोलापूरची आजी, जी शाळेची पायरी चढली नाही, ती बिजागरीला तेल घालताना जो शब्द बोलायची तो इंग्लिशच्या प्रोफेसरला नवीन असेल.

पुढचा ड्रॉवर कुलपांचा होता. चावी पोर्तुगीजांची शावे, स्पॅनिशमध्ये याबे, दोन्ही लॅटिन क्लाविसमधून. भाचीच्या कार्डावर कॉन्क्लेव्ह होता, गुप्त बैठक. चावीनं बंद केलेली खोली असा त्याचा खरा अर्थ, पोपची निवड करायला कार्डिनल लोक कोंडून घेतात ती. आणि क्लॅव्हिकल, गळ्याखालचं आडवं हाड, ती छोटी चावी. भाचीनं तिथंच दुकानात गळ्याशी हात लावून बघितला. दोन बिजागऱ्या, बारा स्क्रू घेतले.

तिसरा दिवस, बुधवार

आज डेक्कन कॉलेज. मला तिथला संस्कृत कोशाचा विभाग बघायची फार वर्षांची इच्छा होती, आधी विचारून ठेवलेलं होतं. डेक्कन जिमखान्यावरनं मेट्रो, येरवड्याला उतरून पुढे रिक्षा. मेट्रोतनं नदी दिसते, भाच्यानं पूल मोजले. पूल म्हणजे पुएन्ते, आणि मी त्याला सांगितलं की लॅटिनमधला तो पोन्स आणि आपला पंथ, पथ हे एकाच कुळातले. वाट आणि पूल.

कॉलेजचा परिसर शांत, झाडीचा, दगडी जुनी इमारत. संस्कृतचा हा कोश १९४८ मध्ये भाषाशास्त्रज्ञ कत्रे यांनी सुरू केला, ऋग्वेदापासून पुढे दीड हजाराच्या आसपास ग्रंथ वाचून त्यातला शब्द कुठे कसा आला त्याची एकेक चिठ्ठी केली, अशा साधारण एक कोटी चिठ्ठ्या. पहिला भाग १९७६ मध्ये छापून आला. त्यानंतर कितीतरी खंड निघाले आणि अजून अ या अक्षराचेच शब्द चाललेत. ज्याला हे रेंगाळणं वाटेल त्यानं एकदा त्या खोलीत उभं राहावं. लोखंडी कपाटांच्या रांगा, त्यात खण, खणात चिठ्ठ्यांचे गठ्ठे, कुणाकुणाच्या हातचं वळणदार अक्षर. चिठ्ठी लिहिणाऱ्यांतले कितीतरी जण आता नाहीत. मला बोलता येईना थोडा वेळ.

या खोलीला स्क्रिप्टोरियम म्हणतात. बाहेर येऊन पायरीवर बसलो तेव्हा भाची म्हणाली हा शब्द तिच्या कार्डावर पण नाही, इतका दुर्मिळ, मध्ययुगात मठांमध्ये साधू ज्या खोलीत बसून पोथ्या नकलून काढायचे ती खोली. भाचा गप्प होता. मग म्हणाला, "एस्क्रितोरियो."

म्हणजे लिहायचं टेबल. डेस्क. कॉम्प्युटर चालू केल्यावर जो पहिला पडदा दिसतो त्यालासुद्धा स्पॅनिशमध्ये एस्क्रितोरियोच. शाळेतल्या पोराच्या दप्तराशेजारचं ते टेबल आणि आतली ती एक कोटी चिठ्ठ्यांची खोली, नाव एक. यावेळी भाचा हसला नाही आणि भाचीपण चिडली नाही.

परत येताना मेट्रोत खिडकीपाशी जागा मिळाली म्हणून खिडकीवर गाडी आली. खिडकी बेन्ताना, त्यात बिएन्तो म्हणजे वारा. इंग्लिश विंडोमध्ये पण वाराच आहे, उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेत वाऱ्याचा डोळा. आणि संस्कृतात वातायन, वाऱ्याची वाट. तीन ठिकाणी लोकांनी भिंतीला भोक पाडलं आणि तिघांना आधी वाराच आठवला. शिवाय लॅटिन वेन्तुस आणि आपला वात हे नात्यानं एक. भाचीनं कार्डाच्या मागं लिहून घेतलं.

रात्री ताईनं अंथरूण घातलं, वाड्याच्या गोष्टी निघाल्या. ही बिल्डिंग व्हायच्या आधी इथं वाडा होता, दाजींचे आजोबा त्यात भाडेकरू होते, दोन खोल्या. भाडेकरू म्हणजे इन्किलीनो, भाचा अंथरुणातनं म्हणाला. मी उठून बसलो, कारण इंग्लिशमध्ये इन्क्विलाइन असा शब्द आहे, तो फक्त प्राणिशास्त्रात येतो, दुसऱ्या किड्यानं केलेल्या घरात जाऊन राहणारा किडा. इंग्लिश बोलणाऱ्या हजारातल्या एकालाही माहीत नसेल. आणि तिकडे मेक्सिकोत दर महिन्याच्या एक तारखेला घरमालक याच नावानं हाक मारत असणार. दाजी म्हणाले भाडेकरूच्या घरात मी लहानाचा मोठा झालो, मला तो किडा नको, मला तो मेक्सिकोवाला शब्द बरा.

चौथा दिवस, गुरुवार

पहाटे साडेपाचला उठून वेताळ टेकडी. थंडी बऱ्यापैकी होती, भाचीनं शाल घेतलेली. वर खाणीपाशी पोचलो तेव्हा उजाडत होतं, खाली सगळं शहर धुक्यात आणि एका बाजूला मोर ओरडत होता.

थंडीवरनं हायबर्नेट निघाला, म्हणजे प्राण्यांनी हिवाळाभर झोपून राहणं, आणि इथं या प्रवासातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. भाचीच्या कार्डावर दोन शब्द होते, हायबर्नल म्हणजे हिवाळ्याचा आणि व्हर्नल म्हणजे वसंतातला. भाचा म्हणाला हिवाळा इन्बिएर्नो, ते जुळतं, पण बेरानो म्हणजे उन्हाळा, वसंत नाही, तुझं कार्ड चुकलंय. ती म्हणाली कार्ड चुकणार नाही. दगडावर बसून मोबाईलवर कोश उघडला तर दोघंही बरोबर निघाले. लॅटिनमध्ये वेर म्हणजे वसंत, त्यावरनं बेरानो आधी वसंताच्याच आसपास होता, मग सरकत सरकत उन्हाळ्यात गेला, आणि वसंतासाठी प्रिमाबेरा शब्द राहिला, त्यातही ते वेर आहेच. इंग्लिशनं शब्द पुस्तकातून उचलला म्हणून त्याचा जुना अर्थ तसाच टिकला, स्पॅनिश लोकांच्या तोंडात राहिला म्हणून तो हलला. जो शब्द वापरात असतो तो जागचा हलतो, हे मला पोरांना कधी इतकं स्वच्छ दाखवता आलं नव्हतं.

आणि पुढचं. लॅटिन वेर आणि आपला वसंत एका मुळाचे. लॅटिनमधला हिवाळा आणि आपलं हिम, हेमंत, हिवाळा हेही एका मुळाचे. म्हणजे हायबर्नेट, इन्बिएर्नो, हिमालय आणि त्या क्षणी भाची ज्या हिवानं कुडकुडत होती ते हिव, सगळे चुलतभाऊ. तिनं शाल डोक्यावरनं घेतली आणि म्हणाली, "मामा, हिव शब्द तर आजी वापरते." आजी वापरते म्हणून तर तो इतका जुना टिकलाय.

उतरताना सॉम्नोलंट आला, पेंगुळलेला. झोप म्हणजे स्वेन्यो, आणि गंमत अशी की स्पॅनिशमध्ये स्वप्नालाही स्वेन्योच म्हणतात. आणि आपलं स्वप्न त्याच मुळाचं. तिघंही पहाटे उठलेले, खाली येऊन अमृततुल्यला चहा घेतला.

संध्याकाळी भाचा टिळक टँकवर पोहायला गेला, मी काठावर बसलो. स्विमिंग पूल म्हणजे पिसीना, मूळचा माशांचा तलाव, इंग्लिशमध्ये पिसाइन म्हणजे माशासारखा, कोण वापरतं तो. टँक या शब्दाचं मूळ इंग्लिश कोश एकीकडे गुजराती आणि मराठीतल्या टाक्याकडे दाखवतात आणि दुसरीकडे पोर्तुगीज तांकेकडे. काठावरचे सगळे आजोबा टँकच म्हणत होते. घरी आलो तोवर भाचीनं व्हेस्परटाइन काढलेला, संध्याकाळचा, संध्याकाळी फुलणारा. मेक्सिकोत दोन पाळ्यांत शाळा भरते तेव्हा दुपारनंतरच्या पाळीला तूर्नो बेस्पेर्तीनो म्हणतात. आमच्या शाळेतही दुपारची पाळी आहे, मी पाचवी ते सातवीला दुपारीच शिकवतो.

पाचवा दिवस, शुक्रवार

दाजींनी सकाळी बिजागरी बसवली. मी दार धरलं, भाच्यानं स्क्रू दिले. दार आता एका बोटानं बंद होतं.

भाचीनं सगळी कार्डं पुन्हा लावली, आता अक्षरानुक्रमे नाहीत. घर, बाजार, अंग, हवामान, आजारपण असे गठ्ठे, आणि प्रत्येक कार्डाच्या मागं भाच्याच्या अक्षरात स्पॅनिश शब्द आणि जिथं सापडला तिथं आपला. मी एकेक विचारत गेलो. लॅक्रिमोज, तिनं मागं न बघता लाग्रिमा सांगितलं, अश्रू. सँग्विनला सांग्रे, रक्त, आणि पुढे स्वतःच म्हणाली की जुन्या वैद्यकात रक्त जास्त तो माणूस उत्साही, म्हणून इंग्लिशमध्ये सँग्विन म्हणजे आशावादी. शेवटचं कार्ड क्वोटिडियन. इंग्लिश पेपरात कुणी हा शब्द लिहिला तर वाचणारा क्षणभर अडखळेल, आणि अर्थ काय तर रोजचा. स्पॅनिशमध्ये कोतिदियानो, आणि दीआ म्हणजे दिवस. तिनं ते कार्ड फ्रिजवर लावलं, दुधाच्या हिशोबाच्या कागदाशेजारी.

ताईनं बाकरवडी बांधून दिली, संध्याकाळची हुतात्मा. भाचा स्टेशनवर सोडायला आला होता.

दौंडला गाडी थांबली. प्लॅटफॉर्मचं काही काम चाललं होतं, दिव्याच्या उजेडात बायका डोक्यावरनं घमेल्यातनं खडी वाहत होत्या. मी भाच्याला मेसेज टाकला, घमेलं बघ, हाही पोर्तुगीजांचाच शब्द आहे म्हणतात. भिगवण यायच्या आत उत्तर आलं. स्पॅनिशमध्ये गामेया, गुरांना खायला घालायचं लाकडी भांडं. त्याखाली भाचीचा मेसेज, माझ्या लिस्टमध्ये नाही, पण कार्ड केलंय.